पहिला निकाल आणि पुढची हवा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात अमेरिकेतील राजकीय पक्ष आपला अध्यक्षपदाचा उमेदवार कसा ठरवतात, यावर आम्ही एक टिपण प्रसिद्ध केले होते. तेथे राज्याराज्यांत पक्षाच्या समर्थक मतदारांचे मतदान होते, त्याला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत त्याऐवजी गावसभेसारख्या बैठका भरतात, त्यांना कॉकस म्हणतात. या दोहोंतून डेलिगेट ठरतात आणि ते पुढे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. डेलिगेट म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दूध संघाच्या निवडणुकीत गावोगावच्या संस्थांचे ठरावधारक असतात, तसेच हे. फरक इतकाच की डेलिगेटवर बहुधा आपल्या राज्यातील निकालाचे बंधन असते, आणि त्यांना मतदानापर्यंत सहलीवर नेऊन ठेवावे लागत नाही. टिपणावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख मतदानाच्या तारखांवर आहे, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन लहान राज्ये सर्वांआधी मतदान करतात आणि त्यामुळे त्यांचा प्रभाव मोठा असतो, असे आपण लिहिले आहे. आयोवाची लोकसंख्या सुमारे ३२ लाख, म्हणजे आपल्या जिल्ह्याहूनही कमी. आपल्याकडेही लोकसभेचे मतदान टप्प्याटप्प्याने होते, पण पहिल्या टप्प्याने सातव्या टप्प्याचा कौल फिरवला असे कधी ऐकले नाही. मग तेथेच तारखेला एवढे महत्त्व का?
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : आपण दिलेल्या उदाहरणातच उत्तर दडलेले आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांत ७ मे रोजी, तिसऱ्या टप्प्यात मतदान झाले. शेवटचा टप्पा १ जूनला होता आणि मतमोजणी सगळीकडे एकदम, ४ जूनला. मधले २८ दिवस आपली मते यंत्रांत कुलूपबंद होती. बिंदू चौकापासून गंगावेशीपर्यंतच्या कट्ट्यांवर कोणी कितीही छातीठोकपणे आकडे मांडले आणि पैजा लावल्या, तरी खरा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२६-क प्रमाणे शेवटचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज प्रसिद्ध करता येत नाहीत. आपल्याकडे मतदान टप्प्याने होते, कौल मात्र एकाच दिवशी उघडतो.

अमेरिकेतील प्रायमरीत नेमके हेच उलटे आहे. तेथे ज्या दिवशी मतदान, बहुधा त्याच रात्री निकाल, आणि आठवड्याभराने दुसरे राज्य तो निकाल डोळ्यांसमोर ठेवून मत देते. म्हणून आपण ज्याला तारखेचा प्रभाव म्हणतो, तो खरे पाहता आधी कळलेल्या निकालाचा प्रभाव असतो. उद्या अमेरिकेने सर्व राज्यांचे निकाल जून महिन्यापर्यंत कुलपात ठेवायचे ठरवले, तर आयोवाचे महत्त्व एका दिवसात तिच्या लोकसंख्येइतके उरेल.

ते किती असेल, हेही पाहता येते. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या निकालाशी बांधील अशा ३,९७९ डेलिगेटपैकी आयोवाच्या वाट्याला ४१ होते आणि कॅलिफोर्नियाच्या वाट्याला ४१५. म्हणजे आयोवाचे वजन शंभरात जेमतेम एक. तरीही उमेदवार वर्षभर तेथील मक्याच्या शेतांतून, जत्रांतून आणि गावच्या हॉटेलांतून फिरत राहतात, कारण तेथे मिळणारे डेलिगेट हा त्यांचा उद्देशच नसतो. त्यांना हवी असते ती दुसऱ्या दिवशीची बातमी.

शाहू मार्केट यार्डातील गुळाचे सौदे ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. लहानपणी आम्ही वडिलांबरोबर तेथे जात असू. रव्यांच्या थप्प्यांमधून अडते, व्यापारी आणि मागून शेतकरी असा घोळका सरकत जाई. कोणी रव्याचा टवका काढून जिभेवर ठेवी, कोणी तो उजेडात धरून रंग पाही. पहिल्या थप्पीला काय दर निघतो, याकडे सगळ्यांचे कान लागलेले असत. तो चढा निघाला की मागच्या थप्पीवाल्याचा चेहरा खुले. वास्तविक त्याचा गूळ सकाळी होता तसाच असे. दिवसाच्या एकूण आवकेत त्या पहिल्या थप्पीचे वजन नगण्य, पण तिच्या दराची बातमी पुढच्या प्रत्येक बोलीत मिसळलेली असे.

१९७६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणारे जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांनी हे नेमके ओळखले. देशात त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. आयोवाच्या कॉकसमध्ये सर्वांत मोठा गट होता तो ‘अजून कोणाच्याच बाजूने नाही’ असे म्हणणाऱ्यांचा, सुमारे ३७ टक्के. कार्टर यांना मिळाले सुमारे २८ टक्के. काटेकोर हिशोबाने पाहिले तर ते दुसरे आले होते. पण नाव असलेल्या उमेदवारांत ते पहिले होते, आणि वर्तमानपत्रांना मथळ्यासाठी नाव लागते. तेथून त्यांची हवा झाली आणि वर्षअखेरीस ते अध्यक्ष म्हणून निवडून आले.

येथे आणखी एक बारकावा आहे. पहिल्या निकालात किती मते पडली यापेक्षा ती अपेक्षेहून जास्त की कमी, हे अधिक मोजले जाते. १९८४ मध्ये त्याच पक्षाच्या वॉल्टर मॉन्डेल यांनी आयोवात सुमारे ४९ टक्के मते घेतली आणि गॅरी हार्ट यांना मिळाली अवघी १६-१७ टक्के. पण मॉन्डेल जिंकणार हे सर्वांनी गृहीतच धरले होते; दुसरा कोण, हीच बातमी होती. आठच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हार्ट यांनी मॉन्डेल यांना हरवले. तरीही उमेदवारी अखेर मॉन्डेल यांनाच मिळाली, कारण हार्ट यांची हवा झाली तेव्हा पुढच्या काही राज्यांत डेलिगेटच्या याद्या दाखल करण्याची मुदत उलटून गेली होती आणि त्यांच्या बाजूच्या याद्या अपुऱ्या होत्या. वारा सुटला म्हणून भागत नाही, खळ्यावर धान्यही असावे लागते.

बातमी वेळेवर न पोचल्यास काय होते, याचे उदाहरण २०१२ मध्ये घडले. आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसच्या रात्री मिट रॉम्नी यांना आठ मतांनी विजयी घोषित करण्यात आले. सुमारे दोन आठवड्यांनी अंतिम मोजणी जाहीर झाली, तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे असल्याचे आढळले. मधल्या काळात न्यू हॅम्पशायरचे मतदान होऊन रॉम्नी तेथेही जिंकले होते. सँटोरम यांना विजय मिळाला, पण त्या विजयाचे जे चार पैसे व्हायचे ते दुसऱ्याच्या गल्ल्यात जमा झाले होते. आमच्या मते तारखेच्या प्रभावाचा याहून स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही.

प्रश्न : आधी मतदान घेण्यात एवढा लाभ असेल, तर सर्वच राज्ये पुढे का सरकत नाहीत? आणि तारखा एकमेकींच्या जवळ आल्या, तर कोणत्या प्रकारच्या उमेदवाराला फायदा होतो?
— राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ

उत्तर : राज्ये सरकतातच, आणि त्यातून बरेच रामायण घडले आहे. १९६८ पर्यंत प्रायमरीचे निकाल फारसे निर्णायक नव्हते. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली, त्यावरून पक्षात मोठा असंतोष उसळला आणि १९७२ पासून नियम बदलले. डेलिगेट मतदारांच्या कौलातून येऊ लागले आणि तेव्हापासून कॅलेंडरला किंमत आली. न्यू हॅम्पशायरने तर कायदाच करून ठेवला आहे की, आपली प्रायमरी अन्य कोणत्याही राज्याच्या तशाच निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी झाली पाहिजे. पंक्तीत कोणी पुढे घुसला, तर हे राज्य आपले पान त्याच्याही पुढे मांडून घेते. २००८ मध्ये या चढाओढीमुळे आयोवाचे कॉकस ३ जानेवारीलाच, म्हणजे नववर्षाच्या शुभेच्छा देऊन होण्याआधी, उरकावे लागले.

त्याच वर्षी मिशिगन आणि फ्लोरिडा यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम मोडून आपापल्या तारखा जानेवारीत ओढल्या. पक्षाने शिक्षा म्हणून त्यांचे सर्व डेलिगेट रद्द केले. बराक ओबामा यांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून आपले नावच काढून घेतले होते. हिलरी क्लिंटन यांचे नाव राहिले. मे महिन्याच्या अखेरीस तडजोड होऊन त्या डेलिगेटना अर्धे मत देण्यात आले. गंमत अशी की, त्या वर्षीची लढत जूनपर्यंत इतकी अटीतटीची झाली की ही दोन राज्ये आपल्या जुन्या जागी थांबली असती, तर त्यांच्या सगळ्या डेलिगेटसाठी उमेदवारांना त्यांच्या दारात यावेच लागले असते. घाई करून त्यांनी वजन मिळवले नाही, होते तेही निम्मे केले.

आता आपल्या दुसऱ्या भागाकडे येऊ. तारखा एकमेकींना चिकटल्या की ज्याच्याकडे आधीपासून पैसा, ओळख आणि गावोगावचे कार्यकर्ते आहेत त्याचा लाभ होतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे. कारण पहिल्या विजयाने आलेली देणगी पुढच्या मतदानाआधी प्रचारात उतरवायला दिवसच उरत नाहीत. तारखा लांब लांब असल्या, तर मागे पडलेल्याला सावरता येते. १९७६ मध्ये रिपब्लिकन पक्षात रोनाल्ड रेगन हे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याविरुद्ध उभे होते. न्यू हॅम्पशायर अगदी थोडक्या मतांनी गेले, मग फ्लोरिडा गेले, इलिनॉय गेले. २३ मार्चला नॉर्थ कॅरोलिनात त्यांना पहिला विजय मिळाला आणि त्यानंतर १ मे रोजी टेक्सासमध्ये त्यांनी अध्यक्षांना चारीमुंड्या चीत केले. अधिवेशनात अखेर फोर्ड १,१८७ विरुद्ध १,०७० अशा मतांनी निसटले. हीच सर्व राज्ये एका मंगळवारी कोंबली असती, तर रेगन यांची गोष्ट फेब्रुवारीतच संपली असती आणि चार वर्षांनी ते पुन्हा कोणत्या बळावर उभे राहिले असते, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

मात्र तारखांची मांडणी करून आपल्याला हवा तो उमेदवार निघेल, अशा हिशोबात राहणारे नेते अनेकदा तोंडघशी पडतात. दक्षिणेतील डेमोक्रॅटिक नेत्यांना मध्यममार्गी उमेदवार हवा होता, म्हणून १९८८ मध्ये त्यांनी आपल्या भागातील बहुतेक राज्ये ८ मार्च या एकाच दिवशी आणली. झाले काय, तर दक्षिणेतील मते अल गोर आणि जेसी जॅक्सन यांच्यात वाटली गेली, टेक्सास व फ्लोरिडा ही दोन मोठी राज्ये मॅसॅच्युसेट्सच्या मायकल डुकाकिस यांनी नेली, आणि उमेदवारीही त्यांनाच मिळाली. सापळा ज्यांनी लावला त्यांचेच पाय त्यात अडकले.

तारखेइतकाच डेलिगेट वाटपाचा नियमही महत्त्वाचा असतो आणि दोन्ही एकत्रच पाहावे लागतात. डेमोक्रॅटिक पक्षात मतांच्या प्रमाणात डेलिगेट मिळतात, पण १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्यास काहीच मिळत नाही. रिपब्लिकन पक्षाने २०१६ मध्ये बहुतेक राज्यांसाठी असे ठरवले होते की १५ मार्चच्या आधी मतदान घेणाऱ्यांनी डेलिगेट प्रमाणात वाटावेत. त्या दिवसापासून पुढे मात्र पहिल्या आलेल्यास सर्व देण्याची मुभा होती. फ्लोरिडाने नेमकी १५ मार्च ही तारीख धरली आणि सुमारे ४६ टक्के मतांवर डोनाल्ड ट्रम्प यांना तेथील सर्वच्या सर्व ९९ डेलिगेट मिळाले. मार्को रुबिओ यांचे ते स्वतःचे राज्य. त्यांनी त्याच रात्री माघार घेतली. त्याआधी या नियमातून सवलत मिळालेल्या साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांनी जेमतेम एक तृतीयांश मतांवर ५० पैकी ५० डेलिगेट घेतले होते. विरोधक पाच-सहा असताना असा नियम लवकरच्या तारखेला लागला, तर पुढच्या पैलवानाला निम्म्या मैदानाचा पाठिंबाही लागत नाही.

प्रश्न : आमच्या तालमीत चर्चा निघाली की, पहिल्या छोट्या कुस्त्या सोडून ताजेतवाने राहून थेट मोठ्या कुस्तीलाच उतरले तर काय बिघडले? तेथील उमेदवार असे करीत नाहीत का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : दोघांनी ठळकपणे करून पाहिले आणि दोघेही पडले. न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी २००७ मध्ये बराच काळ देशव्यापी चाचण्यांत रिपब्लिकन उमेदवारांत आघाडीवर होते. त्यांनी सुरुवातीच्या राज्यांवरचा भर काढून घेऊन सारा जोर २९ जानेवारी २००८ च्या फ्लोरिडावर ठेवला. तोवरचे चार आठवडे बातम्यांत इतरच नावे झळकत राहिली. फ्लोरिडात ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली. २०२० मध्ये न्यूयॉर्कचेच दुसरे माजी महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी पहिली चारही राज्ये सोडली आणि ३ मार्चच्या सुपर ट्यूसडेसाठी स्वतःच्या खिशातून ५० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. त्या दिवशी १४ राज्यांत मतदान झाले. ब्लूमबर्ग जिंकले ते फक्त अमेरिकन सामोआ या पॅसिफिक बेटांवर.

एखादे राज्य सोडले तर चालते, हेही नोंदवले पाहिजे. १९९२ मध्ये आयोवाचे स्वतःचे सिनेटर टॉम हार्किन उभे असल्यामुळे इतरांनी तेथे वेळ घालवलाच नाही. बिल क्लिंटन न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरे आले, तरी सावरून उमेदवार झाले. पण सगळेच सोडणे वेगळे. आपल्या खासबाग मैदानात पहिल्या क्रमांकाची कुस्ती शेवटी असते आणि मैदान तोवर भरलेले राहते. आधीच्या जोडीच्या निकालाने शेवटच्या पैलवानाचे काही जात नाही. तेथे उलट आहे. पहिल्या दोन-तीन लहान कुस्त्यांनंतर निम्मे पैलवान लंगोट उतरवून ठेवतात, त्यांचे शौकीन उरलेल्यांच्या मागे जातात, आणि जो आखाड्यात उतरलाच नाही त्याला हलगीचा ठेका कोणासाठी वाजतो आहे हे बाहेरून ऐकत बसावे लागते.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते आणि तेथील नागरिक आहे. २०२० मध्ये तिने टपालाने लवकर मत पाठवले आणि मतदानाच्या दिवसाआधीच तिच्या उमेदवाराने माघार घेतली. तिच्या मताचे काय झाले असेल?
— एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : मत मोजले गेले असेल आणि त्या उमेदवाराच्या नावापुढे नोंदलेही गेले असेल, परंतु तो १५ टक्क्यांच्या खाली राहिला असल्यास त्यातून एकही डेलिगेट निघाला नसेल. मत परत घेऊन दुसऱ्यास देण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते.

त्या वर्षीचा घटनाक्रम मुळातून पाहण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात टपाली मतपत्रिका पाठवण्यास ३ फेब्रुवारीला सुरुवात झाली, नेमक्या त्याच दिवशी आयोवात कॉकस होते. आपल्या मुलीने उत्साहाने पहिल्याच आठवड्यात मत दिले असेल, तर तिच्या हातात एकाही राज्याचा पक्का निकाल नव्हता. आयोवाचा निकालही एका सदोष अॅपमुळे रखडला होता. जो बायडन तेथे चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आणि नेव्हाडात बर्नी सँडर्स यांच्या बरेच मागे दुसरे. २९ फेब्रुवारीला, शनिवारी, साउथ कॅरोलिनात मतदान झाले. तेथील डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांच्यात बायडन यांचा मोठा आधार होता. ते जवळपास निम्मी मते घेऊन जिंकले. रविवारी पीट बुटिजज यांनी माघार घेतली, सोमवारी एमी क्लोबुशार यांनी, आणि मंगळवारी सुपर ट्यूसडे. बायडन यांनी १४ पैकी १० राज्ये जिंकली. कॅलिफोर्निया मात्र सँडर्स यांच्याकडे गेले. तेथे मोठ्या संख्येने मते आधीच पेटीत पडलेली होती, आणि शनिवार ते मंगळवार या तीन दिवसांत जे काही बदलले ते त्या मतांपर्यंत पोचणे शक्यच नव्हते.

मिनेसोटात त्या वेळी मतदानाच्या आठवडाभर आधीपर्यंत टपाली मत बदलून घेता येत असे; पण क्लोबुशार त्याच राज्याच्या सिनेटर, आणि त्यांनी माघार घेतली ती आदल्या दिवशी. उपाय म्हणून अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग येथील डेमोक्रॅटिक पक्षाने त्या वर्षी पसंतीक्रमाची पद्धत वापरली. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात १, २, ३ असे क्रमांक लिहितात तसे. पहिला माघारला, तर मत दुसऱ्याकडे जाते. आपल्या मुलीला एवढेच कळवावे की, मतपत्रिका घरात आली म्हणून ती त्याच दिवशी परत पाठवली पाहिजे असे नाही. आमच्या मते शेवटच्या आठवड्यापर्यंत ती टेबलावर राहिली तरी चालेल. पुढे बायडन यांच्याच सूचनेवरून पक्षाने २०२४ साठी साउथ कॅरोलिनाला पहिला क्रमांक दिला, हेही या प्रसंगाला धरूनच. न्यू हॅम्पशायरने अर्थातच ऐकले नाही आणि २३ जानेवारीला मतदान उरकले. बायडन यांचे नाव मतपत्रिकेवर नसताना समर्थकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवले.

प्रश्न : आमच्याकडे पक्षाचा एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, कधी कधी शेवटच्या तासाला हातात पडतो. अमेरिकेत अध्यक्षपद सोडून इतर पदांच्या उमेदवाऱ्या कधी ठरतात? लवकर ठरलेली बरी की उशिरा?
— एका पक्षाचे तालुका पातळीवरील कार्यकर्ते, गडहिंग्लज

उत्तर : तेथे प्रत्येक राज्य आपली तारीख ठरवते आणि त्यात मोठी तफावत असते. २०२४ मध्ये टेक्सासची प्रायमरी ५ मार्चला झाली, तर न्यू हॅम्पशायर, ऱ्होड आयलंड आणि डेलावेअर येथील १० सप्टेंबरला. (अध्यक्षपदासाठी सर्वांत पुढे राहण्याचा हट्ट धरणारे न्यू हॅम्पशायर इतर पदांसाठी जवळपास सर्वांत शेवटी असते.) निवडणूक सर्वत्र ५ नोव्हेंबरला. म्हणजे एकाला तयारीला आठ महिने आणि दुसऱ्याला आठ आठवडे.

उशिराची तारीख बहुधा पदावर असलेल्याच्या पथ्यावर पडते. त्याला पक्षात आव्हान नसते, तो उन्हाळाभर पैसे साठवतो. समोरच्या पक्षातले तीन-चार इच्छुक तोवर एकमेकांची उणीदुणी काढत असतात, आणि त्यातून जो निघतो तो रिकाम्या खिशाने, दुखावलेल्या सहकाऱ्यांसह, आठ आठवड्यांत मतदारांना आपली ओळख करून द्यायला निघतो. आपल्याकडे शेवटच्या दिवशी फॉर्म देण्यामागे बंडखोराला दुसरा पक्ष शोधायला सवड मिळू नये हा हेतू असतो, हे आपण आमच्याहून चांगले जाणता. तेथे अनेक राज्यांत प्रायमरीत हरलेल्यास त्याच निवडणुकीत दुसऱ्या मार्गाने उभे राहण्याची कायद्यानेच बंदी असल्यामुळे ती भीती कमी असते.

पण लांबलेली लढत नेहमीच घातक ठरते, असे मात्र नाही. २००८ मध्ये ओबामा आणि क्लिंटन यांच्यातील झुंज जूनपर्यंत चालल्यामुळे दोघांनाही ६ मे रोजी इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलिना येथे घरोघर जावे लागले. एरवी त्या राज्यांत डेमोक्रॅटिक उमेदवार फारसा फिरकत नसे. तेथे उभी राहिलेली कार्यकर्त्यांची फळी नोव्हेंबरपर्यंत टिकली आणि ओबामा यांनी ती दोन्ही राज्ये थोडक्या फरकाने जिंकली.

अलीकडे उशिराच्या तारखा कमी होत चालल्या आहेत, पण त्यामागे उमेदवारांचा विचार फारसा नाही. २००९ च्या एका केंद्रीय कायद्याने परदेशातील सैनिक आणि नागरिक यांना मतपत्रिका निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी पाठवणे बंधनकारक केले. १० सप्टेंबरला प्रायमरी आणि ५ नोव्हेंबरला निवडणूक, यांत ५६ दिवस असतात. त्यातून ४५ वजा केले की निकाल पक्के करून मतपत्रिका छापायला आणि टपालात टाकायला अकरा दिवस उरतात. कोठे फेरमोजणी निघाली तर तेही नाहीत. मिनेसोटाने २०१० मध्ये आपली प्रायमरी सप्टेंबरमधून ऑगस्टमध्ये आणली, ती या हिशोबामुळे.